चहाआधीचे निवाडे

१

ताईचा धाकटा भाऊ अखेर सापडला तो सरकारी इस्पितळाच्या शवागारात, आणि ते इस्पितळ तिच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर होतं.

शवागाराच्या दाराशी एक परिचारिका भेटली. भली बाई होती. तिने ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वर नको ते सगळं खरंखरं सांगितलं. मालमोटारीची धडक बसली, जबडा फुटला, पण शुद्ध शाबूत होती. कित्येक आठवडे काढले बिचाऱ्याने. नाव विचारलं की सांगायचा, पण फुटक्या तोंडातून निघेल तसंच निघायचं.

"आम्ही ऐकू आलं तसं लिहून घेतलं आणि लगेच कळवलं हो," परिचारिका म्हणाली. "रोज विचारायचा, घरचं कोणी आलं का म्हणून."

"कुणाला कळवलं?"

"शोध-कचेरीला. दुसरं कुणाला कळवणार?"

ताई शोध-कचेरीतच नोकरीला होती. हरवलेल्या माणसांची चौकशी करायला नातलग ज्या खिडकीशी येतात, त्या खिडकीमागे तीच बसायची. भाऊ कामावरून परतला नाही तेव्हा तिने स्वतःच्या हाताने त्याचं नाव यंत्रात घातलं होतं. रोज आल्याबरोबर ती पडद्यावर पाहायची आणि पडदा रोज एकच सांगायचा: जुळणी नाही. बहिणीने लिहिलेलं नाव आणि इस्पितळाने लिहिलेलं नाव, दोन्ही एकाच यंत्रात पडून होती आणि यंत्राला त्याची दाद नव्हती.

कचेरीत ताईला पाठीमागे सगळे गोचीड म्हणत. एकदा चिकटली की रक्त प्यायल्याशिवाय सुटत नाही, असा त्यांचा अनुभव. भावाचं सगळं उरकून ती कामावर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, त्यामुळे सगळे जरा धास्तावलेच. रडायला पुढे आयुष्य पडलं होतं. आधी तिला कोणाचा तरी गळा हवा होता.

२

मागच्या खोलीत, मोडक्या छपाईयंत्रांच्या गराड्यात कानसेन बसायचा. हे त्याचं टोपणनाव, आणि एके काळी ते कौतुकाने ठेवलेलं होतं. आता तो शाईची नळकांडी बदलायचा आणि कोणाशी धड बोलायचा नाही.

"तुझा तो जुना प्रोग्राम अजून आहे?" ताईने दार लावून घेत विचारलं.

"आहे. बंद पडलेलं पोर टाकून देतात का कोणी?"

या कचेरीत एके काळी नावं जुळवायला दोन प्रोग्राम होते. एक सरांचा. सर म्हणजे कचेरीतले सगळ्यात ज्येष्ठ तज्ज्ञ. त्यांचा प्रोग्राम एका नावातली किती अक्षरं बदलली, गाळली किंवा घातली की दुसरं नाव तयार होतं ते मोजायचा. थोड्या बदलात भागलं तर नाव एकच, फार बदल लागले तर वेगळं. लोक त्याला अक्षरमोज्या म्हणत. गाडी आणि गादी त्याला सख्ख्या बहिणी वाटत, कारण फरक एका अक्षराचा. पण कोणी 'व्यवस्था'ला 'येवस्ता' म्हणालं की तो हात वर करायचा.

दुसरा कानसेनचा. तो अक्षरं बघायचाच नाही. प्रत्येक नावाच्या आवाजाचा एक गाळीव सांगाडा करायचा, जवळचे आवाज एकाच खणात टाकायचा आणि ज्यांचा सांगाडा सारखा ती नावं एक म्हणायचा. त्याला सगळे कानवाला म्हणत.

ताईने आधी आपण लिहिलेलं भावाचं नाव त्याच्या जुन्या यंत्रात घातलं. मग इस्पितळाने लिहिलेलं. कळीवरचं बोट उचलायच्या आत पडद्यावर अक्षरं आली: एकच.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग हा बंद का केला?"

"कारण दोघांची तुलना झाली आणि माझा खोटारडा ठरला." कानसेन खाली मान घालून बोलत होता. "दोन्ही प्रोग्राम रोज एकाच वेळी सुरू करायचे. जी जोडी निघेल ती निवाड्याच्या टेबलावर जायची. तिथला माणूस ठरवायचा, एकच की वेगळे. एकच म्हटलं की घरच्यांना बोलावणं जायचं. माझ्या जोड्यांवर लोक धावत गेले आणि खाटेवर भलतीच माणसं निघाली. एका आईने तर इथे येऊन माझी गचांडी धरली. साहेबांनी सही केली आणि मी इकडे आलो."

"आणि तुझ्या खऱ्या जोड्या?"

"टेबलाने त्यांना वेगळे म्हटलं. मलाही वाटलं, आपलंच डोकं फिरलंय."

"टेबलावर कोण बसायचं?"

"तिघं. साहेब, सर आणि मावशी. ज्याला सवड असेल तो. निवाडा कोणाचा ते कुठेही नोंदलेलं नाही. साहेबांचाच नियम, कोणाला भीड पडू नये म्हणून. आणि जोडी कुठल्या प्रोग्रामची तेही टेबलाला दिसायचं नाही. झाकलेलं असायचं."

ताईने खुर्ची ओढली. "ते सगळे निवाडे काढ. आजच्या आज."

३

निवाड्यांना नावं नव्हती, पण वेळा होत्या. आणि एव्हाना खरं काय ते कळलेलंही होतं, कारण तुलनेच्या काळातली बहुतेक माणसं या ना त्या वाटेने घरी पोचली होती, नाहीतर मसणात. ताईने इस्पितळांना, आश्रमांना फोन करकरून प्रत्येक जोडीपुढे खरं उत्तर मांडलं. मग ती नुसती बघत बसली.

काही दिवसांचे निवाडे साधे होते. बरेच बरोबर, थोडे चूक. माणूस आहे, चुकणारच. पण काही दिवसांच्या सकाळी काहीतरी भलतंच घडलेलं होतं. एकाच माणसाच्या दोन नावांना वेगळे म्हटलेलं. परक्या माणसांना एकच म्हटलेलं. सगळं उलटं. आणि त्याच दिवशी दुपारी सगळं सुलटं.

"ही जोडी बघ," ताई म्हणाली. "सकाळी वेगळे. तीच जोडी दुपारी पुन्हा आली, तर एकच. एकाच दिवशी."

"दोन्ही प्रोग्रामना सापडली असेल. म्हणून दोनदा आली."

"सकाळी तुझ्याकडून आली का?"

"हो, माझीच आधी यायची. माझा फार पळतो ना!" त्याच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला. "नवं नाव आलं की सांगाडा करायचा, खण उघडायचा, संपलं. अक्षरमोज्या बिचारा प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडून बघणार. दुपारचा चहा होईपर्यंत त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

ताई त्याच्याकडे पाहतच राहिली. आपल्या घोड्याच्या वेगाचा इतका अभिमान की त्याच्या टापा सगळ्यांना ऐकू जातात हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. सगळ्या शहाण्यांनी मिळून प्रोग्रामचं नाव झाकलं आणि घड्याळ मात्र उघडं ठेवलं.

"अरे शहाण्या, म्हणजे टेबलावर बसणाऱ्याला सगळं कळत होतं," ती म्हणाली. "चहाआधी आलं ते तुझं, चहानंतर आलं ते सरांचं. तुझी जोडी खरी असली की नाही म्हणायचं, म्हणजे ती वाया जाते. खोटी असली की हो म्हणायचं, म्हणजे घरचे परक्याच्या खाटेशी पोचतात आणि तुझ्या नावाने शिमगा करतात."

कानसेन उठून उभा राहिला. "सर. त्या म्हाताऱ्याला मी आता सोडत नाही."

"खाली बस," ताई म्हणाली. "तो गळा माझ्या वाट्याचा आहे. तू मध्ये पडू नकोस."

४

ताईने एक बहाणा काढला. खिडकीवर नवी माणसं येणार आहेत, त्यांच्या सरावासाठी काही जोड्या हव्यात, तेव्हा जाणत्यांनी आपापली उत्तरं द्यावीत. जोड्या तिने जुन्याच उचलल्या होत्या. खरी उत्तरं तिला पाठ होती.

सरांनी चष्मा पुसला. ती वाचून दाखवायला लागली तर त्यांनी कागद हिसकावून घेतला. "मी नाव ऐकत नसतो, बघतो. आवाजावर भरवसा ठेवणारे गवई झाले, संशोधक झाले नाहीत."

"कानवाला बंद झाला तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं असेल नाही, सर?"

"वाईट?" सर मनापासून हसले. "त्या कार्ट्याने भर बैठकीत माझ्या प्रोग्रामला बहिरा म्हटलं होतं. बंद झाला त्या दिवशी मी शीळ घालत घरी गेलो. माझ्या हातात असतं तर मीच गळा दाबला असता त्याचा."

ताईची बोटं टेबलाच्या कडेवर आवळली. पण सरांची उत्तरं पाहिली आणि ती सैल पडली. काही बरोबर, काही चूक. अवघड जोड्यांत तर म्हातारा सपशेल चाचपडत होता. ताईला फार वाईट वाटलं, कारण सर तिला मुळीच आवडत नव्हते.

साहेबांनी पंख्याचा वेग वाढवला आणि जोड्यांवरून नजर फिरवली. "एकच वाटतंय. नाही, वेगळे. हे बघा ताई, तुम्हाला काय हवंय ते सांगा, मी ते म्हणतो." आयुष्यभर त्यांनी असाच कारभार केला होता. शेवटी त्यांनी सगळ्या जोड्यांपुढे 'सांगता येत नाही' लिहिलं आणि सुटल्यासारखा चहा मागवला.

ताई परत मागच्या खोलीत आली. चुकतमाकत उलटं करणं कोणालाही जमेल. पण त्या उलट्या सकाळी एकही निवाडा चुकूनसुद्धा बरोबर आलेला नव्हता. आंधळा नेम धरला तरी एखादा दगड लागतोच की. एकदाही न लागण्यासाठी निशाण कुठे आहे ते पक्कं दिसावं लागतं.

"सरांचं सोड," ती कानसेनला म्हणाली. "तुझं वाटोळं व्हावं असं मनापासून वाटणारं दुसरं कोण आहे?"

त्याने शाईचं एक नळकांडं उचललं आणि परत ठेवलं.

"माझी सासू," शेवटी तो म्हणाला. "एके काळची. तुम्ही इथे लागायच्या आधीची गोष्ट, त्यामुळे तुम्हाला कोणी सांगितली नसेल. ताई, ती रोज तुमच्याच मागच्या टेबलावर बसते."

५

मावशी कचेरीतली सगळ्यात जुनी. यंत्रं येण्याआधी सगळी जुळणी तिच्या कानावर चालायची. फोनवर कोणी अडखळत नाव सांगितलं की मावशी डोळे मिटायची आणि नेमकं माणूस काढून द्यायची. भाऊ हरवला त्या दिवसांत ताईच्या डब्यातलं जेवण तसंच परत जायचं, तेव्हा जबरदस्तीने दोन घास भरवले ते तिनेच. तिची लेक नवऱ्याने सोडल्यापासून तिच्याकडे होती. दार लावून बसायची, असं मावशी कधीतरी म्हणायची.

"सरावाच्या जोड्या? वाच की गं," मावशी म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

ताई वाचत गेली. "एकच," मावशी म्हणायची. "वेगळे. हे वेगळे. हे एकच, बोलणाऱ्याच्या नाकात सर्दी आहे एवढंच." सर जिथे गडगडले तिथेही ती अडखळली नाही. एकही उत्तर चुकलं नाही.

शेवटी ताईने आपल्या भावाचं नाव वाचलं. आधी स्वतः लिहिलेलं, मग इस्पितळाने लिहिलेलं, फुटक्या जबड्यातून आलेलं.

"एकच," मावशी पटकन म्हणाली. "यात ऐकायचं काय आहे? बिचाऱ्याचा ओठ..." आणि तिने डोळे उघडले.

बाहेर खिडकीशी कोणीतरी टिचकी मारत होतं.

"कानवाल्यालाही एवढंच कळलं होतं, मावशी," ताई म्हणाली. "तो चालू असता तर माझा भाऊ त्याच दिवशी मला मिळाला असता. जिवंत. तुम्ही टेबलावर बसून त्याचे निवाडे उलटे केलेत."

"मी? अगं, सर बसायचे, साहेब बसायचे. त्यांना जाऊन विचार."

"विचारलं. त्यांची उत्तरं चुकतात. त्या सकाळी टेबलावर बसलेल्या माणसाचं एकही चुकलं नाही. सगळंच्या सगळं नेमकं उलटं. नेहमी चुकायचं तर आधी नेहमी बरोबर माहीत असावं लागतं, मावशी. या कचेरीत असा कान एकच आहे. आता माझ्यासमोर तुम्हीच तो दाखवलात."

मावशी रडेल असं ताईला वाटलं होतं. पण तिने मान ताठ केली आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"जगाचे कान घेऊन बसला होता मेला," ती म्हणाली. "आणि घरात माझी लेक बोलत होती ते कधी ऐकलं नाही त्याने. जेवताना बोलायची, झोपताना बोलायची, हा पडद्यात डोकं घालून. शेवटी ती गप्पच झाली, तेव्हा हा म्हणतो, हिच्यात काही राहिलं नाही. आणि निघून गेला. माझी पोर जिवंतपणी गेली गं! मग म्हटलं, त्याला ज्याचा एवढा माज आहे तेच मोडते."

"आणि माणसं?"

"सरांचा प्रोग्राम होता ना चालू." आता मात्र तिचा आवाज फाटला. "मला वाटलं, तो शोधील. मला काय माहीत, तुझाच..." तिने ताईचा हात धरायला हात पुढे केला. "मला पोलिसात दे. जे व्हायचं ते होऊ दे. मी सगळं कबूल करते."

ताईने आपला हात मागे घेतला. परक्या माणसाने केलं असतं तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं आणि मोकळी झाली असती. ज्या हाताने घास भरवले त्या हाताचा राग कसा करायचा, हे तिला क्षणभर कळेना. मग शवागारातली भावावरची पांढरी चादर आठवली आणि कळलं.

"नाही," ती म्हणाली. "पोलीस तुम्हाला एका खोलीत बसवतील. तिथे तुम्हाला भेटायला कोणी येणार नाही. माणसं इथे येतात."

६

साहेबांपुढे ताईने सगळे निवाडे पसरले आणि त्याखालची त्यांची सही दाखवली. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "हे बाहेर गेलं तर?" ते म्हणाले.

"बाहेर जाणारच आहे. कसं, ते मी ठरवते."

साहेबांनी सगळं मान्य केलं. कोणी तरी ठरवून दिलं की त्यांना बरंच वाटायचं.

कानवाला पुन्हा सुरू झाला. तो बंद पडल्यापासून न जुळलेली सगळी नावं त्याच्यातून फिरवली आणि जोड्यांची रांग लागली. काही खाटेवर होते, काही आश्रमात, काही मातीत. प्रत्येकाच्या घरी बोलावणं गेलं. आणि खिडकीमागच्या खुर्चीवर मावशी बसली. तिने येणाऱ्या प्रत्येकाला दोन वाक्यं सांगायची होती. पहिलं, तुमचं माणूस कुठे आहे. दुसरं, हे तुम्हाला आधीच कळलं असतं, मी मुद्दाम उलटं सांगून कळू दिलं नाही.

"दुसरं नको गं," मावशीने हात जोडले होते. "ते कागदावर लिहून दे. मी वाचून नाही दाखवू शकत."

"वाचायचं नाही. बोलायचं," ताई म्हणाली. "आवाजावर तुमचा भारी विश्वास."

कानसेन दाराआड उभा राहून बघत होता. ताईने त्याला हाकललं. ही मजा त्याच्या वाट्याची नव्हती. आपण त्या घरात कधी काय ऐकलं नाही, याचा हिशोब त्याने स्वतःशी करावा.

पहिल्यांदा आली ती एक बाई, तिचा नवरा मातीत सापडला होता. मावशीने दोन्ही वाक्यं सांगितली. बाईने खिडकीच्या गजांतून हात घालून मावशीच्या तोंडावर मारलं. मावशीने तोंड चुकवलं नाही. तिच्यामागे दोन भाऊ आले, त्यांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मावशी ऐकत राहिली. ताई मागे भिंतीला टेकून उभी होती आणि तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटत होतं.

मग एक म्हातारा आला. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, पायांत दोन वेगळ्या चपला. त्याची बायको घराबाहेर पडली होती ती परतलीच नव्हती. तिला स्वतःचं नावही नीट सांगता येत नसे.

"तुमच्या मंडळी सापडल्या, बाबा," मावशी म्हणाली. तिचा ओठ सुजलेला होता. "नदीपलीकडच्या आश्रमात आहेत. बऱ्या आहेत."

म्हाताऱ्याला आधी समजलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. "जिवंत आहे?" त्याने विचारलं. "जिवंत आहेत," मावशी म्हणाली. तेव्हा त्याने गजांतून तिचे दोन्ही हात धरले, स्वतःच्या डोळ्यांना लावले आणि लहान मुलासारखा रडू लागला.

"पोरी, तुझं कल्याण होवो," तो म्हणत होता. "सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. कोणी शोधलं नाही गं. तू शोधलीस. माझं घर वाचवलंस तू. तुझ्या लेकराबाळांना माझं आयुष्य लागो."

मावशीला शिव्या सोसल्या होत्या, मार सोसला होता. हे तिला सोसेना. त्याच्या मुठीतले हात सोडवून घ्यायचं बळ तिच्यात नव्हतं. तिने मान वळवून ताईकडे पाहिलं. एवढा एक जाऊ दे, एवढ्या एकाला असाच घरी जाऊ दे, असं ती तोंडाने काहीच न बोलता मागत होती.

म्हाताऱ्याने डोळे पुसले, टोपी सारखी केली आणि तो निघायला वळला.

"बाबा, थांबा जरा," ताई म्हणाली. "मावशी, तुमचं दुसरं वाक्य राहिलं."